दुचाकीचा टायर निवडताना : पकड हवी की टिकाऊपणा?



आपल्यापैकी बरेचजण रोज दुचाकीवरून शाळेत जातात. माझी शाळा घरापासून २० किलोमीटरवर आहे. त्यातला निम्मा रस्ता घाटाचा आणि वर रत्नागिरी जिल्ह्यातला पाऊस! सहावीला घर्षण बल शिकवत होतो. "घर्षण कमी झालं तर काय होईल?" असं विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, "सर, तुमची गाडी घसरेल. मागचा टायर वाळलाय." त्याच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे. मी हसून म्हटलं, "अरे, नक्षी अजून चांगली आहे की!"

त्याच आठवड्यात पहिला पाऊस पडला आणि एका वळणावर मागचं चाक सरकलं. मागे माझी मुलगी बसली होती. वेग कमी होता म्हणून खरचटण्यावर निभावलं. नंतर टायर नीट पाहिला, तर त्यावर २३१७ असा आकडा होता. म्हणजे तो २०१७ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला! मी तो "स्वस्त आणि खूप टिकणारा" म्हणून घेतला होता. टिकला खरा, पण पकड केव्हाच गेली होती. म्हणूनच आज या विषयावर थोडं सविस्तर लिहितोय.

खोडरबरचं उदाहरण

मऊ खोडरबर छान खोडतं, पण लवकर झिजतं. कडक खोडरबर वर्षभर पुरतं, पण नीट खोडत नाही. टायरचंही तसंच आहे. मऊ रबर रस्त्यावरच्या बारीक खाचाखोचांत दबून बसतं, म्हणून पकड चांगली मिळते, पण झीज लवकर होते. कडक रबर जास्त किलोमीटर चालतं, पण ओल्या रस्त्यावर दगा देऊ शकतं. रबरात सिलिका मिसळली की ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते. काही टायरमध्ये मधला भाग कडक आणि कडेचा भाग मऊ असतो. सरळ चालताना मधला भाग झिजतो आणि वळणावर गाडी कलली की कडेचं रबर कामाला येतं.

मग नक्षी कशासाठी? अनेकांना वाटतं, नक्षीमुळेच पकड येते. कोरड्या डांबरी रस्त्यावर पकड रबर देतं. खाचांचं मुख्य काम पाणी बाजूला काढणं हे आहे. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. तेवढ्यावर आपण, गाडी आणि मागे बसलेलं लेकरू!

रस्ता पाहून टायर निवडा

१. घाट आणि जास्त पाऊस : ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारा, खोल खाचांचा टायर घ्यावा. दोन-चार हजार किलोमीटर कमी चालला तरी चालेल.
२. सरळ, कोरडा, तापणारा डांबरी रस्ता : इथे टिकाऊ, थोड्या कडक रबराचा टायर योग्य.
३. कच्चा रस्ता, खडी, चिखल : मोठ्या ठोकळ्यांची नक्षी उपयोगी पडते. मात्र रोजचा रस्ता डांबरी असेल, तर हे ठोकळे लवकर झिजतात आणि आवाजही करतात.

टायरवर काय वाचायचं?

समजा, टायरवर ८०/१००-१८ ५४पी असं लिहिलंय. ८० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. १०० म्हणजे उंची रुंदीच्या १०० टक्के. १८ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ५४ हा वजनाचा सांकेतिक आकडा आहे, म्हणजे २१२ किलो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. कंपनीने दिलेलं माप बदलू नये. रुंद टायर दिसायला भारी दिसतो, पण अरुंद रिमवर त्याचा आकार बिघडतो आणि तो साखळीला घासूही शकतो.

चार अंकी तारीख दुकानातच पाहा. टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. कडेला बारीक भेगा दिसल्या, तर नक्षी शिल्लक असली तरी बदला. खाचांच्या तळाशी झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात. रबर त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला असं समजा. दुचाकीसाठी खाच किमान ०.८ मिलिमीटर असावी असा नियम आहे, पण पावसाळ्यात तिथपर्यंत थांबू नये.

छोटंसं गणित (मुलांनाही घालता येईल)

समजा, कडक टायर १८०० रुपयांना मिळतो आणि २५,००० किलोमीटर चालतो. पकडीचा टायर २१०० रुपयांना मिळतो आणि १८,००० किलोमीटर चालतो. पहिल्याचा खर्च किलोमीटरला सुमारे ७ पैसे, दुसऱ्याचा सुमारे १२ पैसे. रोज ४० किलोमीटर धरले, तर फरक दोन रुपयांच्या आत! एवढ्यात कटिंग चहासुद्धा येत नाही. हे गणित मी आधी केलं असतं, तर मुलीचं कोपर फुटलं नसतं.

आयुष्य वाढवायचं ते असं

टिकाऊपणा फक्त रबरावर नसतो, आपल्या सवयींवरही असतो. दर आठवड्याला टायर थंड असताना हवा तपासा. हवा कमी असेल तर टायर कडेने झिजतो, जास्त असेल तर मधोमध झिजतो आणि पकडही घटते. योग्य आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. मागे कोणी बसणार असेल, तर मागच्या टायरसाठी वेगळा आकडा असतो, तोही पाहा. करकचून ब्रेक मारणं टाळा आणि गाडी सावलीत लावा. नवीन टायर बसवताना फिरण्याच्या दिशेचा बाण तपासा. नव्या रबरावर गुळगुळीतपणा असतो, म्हणून पहिले शे-दीडशे किलोमीटर सावकाश चालवा.

नवा टायर मी त्या मुलाच्या वडिलांकडूनच बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी मुलांना मैदानात नेऊन गाडीभोवती उभं केलं आणि घर्षण बलाचा तोच पाठ पुन्हा घेतला. शिकवायला मात्र त्या मुलाला पुढे केलं. तुम्हीही उद्या शाळेत गेलात की गाडी स्टँडवर लावून दोन मिनिटं खाली वाका आणि ते चार आकडे वाचा.