तणनाशक निर्मितीतील सांडपाणी व फेंटन प्रक्रिया : उपयुक्तता आणि मर्यादा

ऊस व गहू या पिकांतील रुंद पानांच्या तणांचा नाश करण्यासाठी '२,४-डी' हे तणनाशक वापरले जाते. त्याच्या निर्मितीच्या एका प्रचलित पद्धतीत २,४-डायक्लोरोफिनॉल व मोनोक्लोरोॲसिटिक आम्ल यांची अभिक्रिया घडविली जाते. त्यातून निघणाऱ्या सांडपाण्यात क्लोरोफिनॉल संयुगे व मीठ असते. क्लोरोफिनॉल जिवाणूंना विषारी असल्यामुळे हे पाणी थेट जैविक प्रक्रियेकडे नेल्यास तेथील जिवाणूच निष्प्रभ होतात.

अशा सांडपाण्यासाठी प्रगत ऑक्सिडीकरण पद्धती उपयुक्त ठरतात. त्यांपैकी फेंटन प्रक्रियेचे मूळ एच. जे. एच. फेंटन यांच्या १८९४ मधील संशोधनात आहे. फेरस लोह व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या अभिक्रियेतून हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतो. त्याचे ऑक्सिडीकरण विभव सुमारे २.८ व्होल्ट, तर ओझोनचे २.०७ व्होल्ट आहे. हा मूलक क्लोरोफिनॉलच्या वलयावर आघात करतो; क्लोरीन क्लोराइडच्या रूपाने सुटतो, वलय उघडते व ऑक्झॅलिक आम्लासारखी लहान आम्ले तयार होतात. याकरिता सामू ३ च्या आसपास राखणे आवश्यक असते.

तथापि संपूर्ण ऑक्सिडीकरण खर्चिक आहे. ३४ ग्रॅम पेरॉक्साइडपासून १६ ग्रॅम ऑक्सिजन उपलब्ध होतो, हे लक्षात घेता १ ग्रॅम रासायनिक ऑक्सिजन मागणीसाठी (सीओडी) २.१२५ ग्रॅम पेरॉक्साइड लागते. सीओडी लिटरला १०,००० मिलिग्रॅम असल्यास प्रत्येक घनमीटर सांडपाण्यास २१.२५ किलोग्रॅम पेरॉक्साइड लागेल. शिवाय क्लोराइड आयन मूलकांचा काही अंश वाया घालवितात आणि शेवटी सामू वाढविल्यावर लोहयुक्त गाळ साचतो.

म्हणून फेंटन प्रक्रिया ही जैविक प्रक्रियेची पूर्वतयारी मानणे अधिक योग्य होय. विषारी वलय तुटेपर्यंत ऑक्सिडीकरण करावे व उरलेली लहान आम्ले जिवाणूंवर सोपवावीत. मात्र मीठ ऑक्सिडीकरणाने नष्ट होत नसल्याने त्याचे प्रमाण जिवाणूंना सोसेल एवढेच ठेवावे लागते.

या प्रक्रियेचे यश केवळ सीओडी घटण्यावरून ठरवू नये. शिल्लक पेरॉक्साइडमुळे सीओडीचे मापन प्रत्यक्षाहून अधिक येते. तसेच सीओडी घटूनही क्लोरीनयुक्त मध्यवर्ती संयुगे पाण्यात राहू शकतात. त्यामुळे शिल्लक पेरॉक्साइड काढून मगच सीओडी मोजणे आणि त्याच्या जोडीला जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीचे सीओडीशी असलेले गुणोत्तर व जिवाणूंवरील विषारीपणाची चाचणी पाहणे अगत्याचे ठरते.