हवेवरची गाडी

सकाळी 6.30

शेडचं शटर वर करतो तेव्हा गाडी काल रात्री होती तशीच चार घोड्यांवर उभी असते. काळी एस-क्लास, 2004 चं मॉडेल, चारही चाकं काढलेली. कोपऱ्यात लोखंडी स्प्रिंगांचे चार वेटोळे पडलेत. काल दिवसभर तेच उतरवत होतो, आज त्यांच्या जागी हवा बसवायची आहे.

आमची शेड वाडेगव्हाण फाट्यावरून राळेगणसिद्धीकडे येणाऱ्या रस्त्याला. पुणे-नगर महामार्ग जवळ, म्हणून मोठ्या गाड्या येतात, आणि स्पीडब्रेकर भरपूर, म्हणून त्या माझ्याकडे येतात. आधी बारा वर्षं पुण्यात खासगी बसच्या डेपोत होतो. व्होल्वोच्या बस 2001 साली देशात आल्या आणि ‘एअर सस्पेन्शन’ हा शब्द प्रवाशांच्या तोंडी बसला. आम्ही मिस्तरी त्याला फुगेच म्हणायचो. बसचा फुगा मोठा आणि उघड्यावर, कारचा लहान आणि शॉकअपच्या अंगावर चढवलेला. काम तेच, जागा मात्र अडचणीची.

सकाळी 8.00

पोरगा येतो. आधी चहा. तंबाखूची पुडी त्याला गावात विकत मिळत नाही. राळेगणच्या दुकानांत ती विकायची नाही हे गावानं फार पूर्वी ठरवलंय. त्यामुळे माझ्याकडची पोरं एक तर सुटतात, नाही तर फाट्यावर राहायला जातात.

खोकी उघडतो. पुढचे दोन, मागचे दोन. एअर सस्पेन्शनचं रबर म्हणजे टायरसारखी जाड भिंत नव्हे. ती दोऱ्यांचं जाळं भरलेली पातळ बाही असते. गाडी वर-खाली होते तशी ती पिस्टनवरून गुंडाळते आणि उलगडते. पायमोजा अर्धा उलटा करून पायात सरकवावा, तसं. सगळा जीव त्या घडीत. जुनी गाडी गळायला लागते ती बहुतेक वेळा तिथूनच: रबर सुकतं, घडीवर बारीक चिरा पडतात, धूळ त्यांत बसून कानशीसारखी घासते. प्रत्येक बाही उजेडात धरून बोटानं चाचपतो. घडी सरळ आहे, पीळ नाही. चारही पास.

सकाळी 9.15

पुढची डावी बाजू. वरून तीन नट, खालून लोअर आर्मचा बोल्ट. वाचायला सोपं, पण वीस वर्षांचा बोल्ट बुशला गंजून चिकटलेला असतो. काल स्प्रिंग काढतानाच त्याला तेल पाजलं होतं, म्हणून आज तो हातानं सरकला. नट आधी हातानंच लावायचे. शेवटची ओढ टॉर्क पान्यानं, आणि तीही गाडी तिच्या उंचीवर आल्यावर. बुश लोंबत्या स्थितीत आवळला तर गाडी खाली आल्यावर तो कायमचा पिळलेला राहतो आणि सहा महिन्यांत फाटतो.

ही गाडी मुळात हवेवरचीच. या पिढीची एस-क्लास 1998 साली बाजारात आली ती हवेचे फुगे घेऊनच. कल्पना त्याहून जुनी. अमेरिकेत कॅडिलॅकनं 1957 साली एका गाडीला हवा लावली, मर्सिडीजनं 1961 साली 300 एसईला. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, उंची सांभाळायला यांत्रिक झडपा होत्या.

मधे कुठल्या तरी गॅरेजनं या गाडीचे फुगे काढून लोखंडी स्प्रिंग घातल्या. नाव घेत नाही, त्यांनाही गिऱ्हाइकानंच सांगितलं असेल, ‘स्वस्तात मिटवा.’ मला राग त्याचा नाही. राग आला तो चाकाच्या आत डोकं घातल्यावर. गाडीची उंची मोजणाऱ्या सेन्सरच्या दांड्या त्यांनी प्लॅस्टिकच्या पट्टीनं एकाच जागी बांधून टाकल्या होत्या. गाडी वर जावो, खाली बसो, कॉम्प्युटरला एकच निरोप: सगळं ठीक. डॅशबोर्डवरचा इशारा विझला आणि बिचारा मालक समजला, गाडी दुरुस्त झाली.

पट्ट्या कापून खिशात टाकतो. पोराला दाखवायला ठेवणार आहे.

सकाळी 11.00

मागच्या दोन बाजू. इथं जागा बरी. पोरगा विचारतो, चाकं चार आणि उंचीचे सेन्सर तीनच कसे? पुढे दोन, मागे एक. मी त्याला कोपऱ्यातली तिवई दाखवतो. तीन पायांचं कुठंही टेकतं, डुगडुगत नाही. चार पायांच्या बाकाला मात्र एका पायाखाली कागदाची घडी लागतेच. तीन ठिकाणची उंची ठरली की गाडीचा सगळा तळ ठरला. चौथा सेन्सर असता तर तो बाकीच्या तिघांशी भांडत बसला असता.

दुपारी 12.15

मालक येतात. कांद्याचा व्यापार, बोलणं रोखठोक. ही गाडी त्यांनी तिसऱ्या हातानं घेतली, पंधरा वर्षांनंतर करायची फेरनोंदणी केली, पर्यावरण कर भरला. हौसेला मोल नाही.

“मिस्तरी, एक बटण जास्तीचं बसवा की. लग्नात गाडी उभी केली का एकदम जमिनीला टेकली पाहिजे. पोरं व्हिडिओ काढत्यात.”

“शेठ, ते होणार नाही.”

“का? हवाच तर सोडायचीय.”

हवाच सोडायची, खरं आहे. बाजारात तसे किट मिळतात: टाकी, झडपांचा ठोकळा, चार बटणं, हवं ते चाक हवं तेवढं खाली. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं, निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी फारकत होईल असा बदल मालकानं करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आणि आपण काही जंगलात राहत नाही. नगरला वाहन संशोधन आणि विकास संस्था आहे. गाड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांत केंद्राच्या नियमांनी तिचं नाव घातलंय. म्हणजे गाडीत काय चालतं आणि काय नाही हे सांगणारे आमच्याच जिल्ह्यात बसलेत.

“मग हे तुम्ही करताय ते काय?”

“हे मुळात होतं ते परत बसवतोय. स्प्रिंग घातल्या तो बदल होता. ही दुरुस्ती.”

शेठ हसतात. “म्हणजे आम्ही गुन्ह्यातनं सुटलो म्हणायचं.”

दुपारी 1.30

भाकरी, पिठलं, कांदा. जेवता जेवता शेठ एक नेमका प्रश्न विचारतात. हवा आणि स्प्रिंग यांत बसणाऱ्याला फरक काय?

मी त्यांना त्यांच्याच धंद्यातलं सांगतो. स्प्रिंगवाल्या टेम्पोत कांदा नसला की तो उडतो, भरला की बसतो, कारण स्प्रिंगचा कडकपणा ठरलेला आणि वजन बदलतंय. हवेच्या गाडीत मागे तीन माणसं बसली की कॉम्प्युटर हवा वाढवतो, उंची तीच ठेवतो. दाब वाढला की हवेचा कडकपणाही त्याच हिशेबानं वाढतो. त्यामुळे एक माणूस असो वा पाच, गाडीचा झोका जवळजवळ सारखाच राहतो. चांगल्या गाडीला हा झोका मिनिटाला साठ-सत्तरच्या आसपास जमवतात, निवांत बसलेल्या माणसाच्या नाडीइतका. मुंबईच्या नव्या लोकल डब्यांखालीही हवेचे फुगे आहेत, ते याचसाठी: पहाटेचा रिकामा डबा आणि नऊ वाजताचा चेंगरलेला डबा, फलाटाशी पायरी तीच राहावी.

“आणि तोटा?”

“तोटा एकच. गळती.”

दुपारी 2.30

कॉम्प्रेसर. पुढच्या उजव्या चाकाच्या पुढ्यात, बंपरच्या मागे लपलेला, मुठीएवढ्या पिस्टनचा पंप. हवेच्या गाड्या येतात त्यांतल्या बऱ्याच जणांची तक्रार ‘कॉम्प्रेसर जळाला’. तो जळतो, पण आपल्या मरणानं मरत नाही. फुगा गळतो, गाडी बसते, कॉम्प्रेसर ती उचलत राहतो, तापतो, थांबतो, परत धावतो. शेवटी रिले आतल्या आत चिकटतो आणि गाडी बंद असतानाही पंप चालू राहतो. म्हणून नवा कॉम्प्रेसर बसवताना जुना रिले ठेवायचा नाही. रिलेची किंमत कॉम्प्रेसरपुढे काहीच नसते, आणि नेमका तोच वाचवला जातो.

वाळवणीची डबीही नवी. हवेबरोबर ओल आत येते आणि झडपांत गंज धरते. आमच्याकडे पाऊस कमी, पण धूळ त्याची भरपाई करते.

दुपारी 4.00

हवा भरायची वेळ. दिवसातलं सगळ्यात नाजूक काम हेच आणि घाईही इथंच होते. चाकं बसवली, गाडी लिफ्टवर लोंबती. रिकाम्या फुग्यावर गाडी सोडायची नाही म्हणजे नाही. दोन टनांच्या आसपासचं वजन रिकाम्या बाहीवर आलं तर तिची घडी चुकते, सुरकुती पडते आणि नवा फुगा पहिल्याच दिवशी फाटतो. आधी हवा, मग वजन.

स्कॅनर लावून एकेक कोपरा भरतो. टायरमध्ये सव्वादोन बार हवा असते, इथं सात-आठ बारच्या घरात लागते. म्हणून भरताना कुणी चाकाच्या कमानीत हात घालायचा नाही. पोरगा दोन पावलं मागे उभा. कॉम्प्रेसर गुरगुरतो. लोंबत्या बाहीचं पोट हळूहळू गोल होतं, घडी पिस्टनवर बसते. काही फुसफुसत नाही. पोरगा म्हणतो, झालं.

नाही झालं.

संध्याकाळी 5.00

मगमध्ये पाणी, भांडी घासायचा साबण, जुना रंगाचा ब्रश. हे माझं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरं बोलणारं यंत्र. प्रत्येक जोडावर फेस लावायचा, मग मोबाइलचा उजेड मारून बघत बसायचं. घाईनं बघितलं तर दिसत नाही. मोहरीएवढा बुडबुडा यायला अर्धा मिनिट लागतो.

मागच्या उजव्या नळीच्या जोडावर तो आला. एक. मग दुसरा. मग मण्यांची माळ.

हवा सोडून जोड उघडला. नळीचं टोक तिरकं कापलेलं. जुन्या कामाचं होतं, आणि मी ते न बघता तसंच खोचलं होतं. चूक माझी. नळी पात्यानं काटकोनात कापली, नवी रिंग चढवली, ठेपेपर्यंत आत सारली, आवळली. परत हवा, परत फेस, परत अर्धा मिनिट. काही नाही.

राळेगणात राहून गळतीचं महत्त्व कुणाला सांगायला नको. अण्णा हजारे लष्करात ड्रायव्हर होते. 1975 साली नोकरी सोडून ते गावात परतले, तेव्हाही इथं पाऊस पडत होता, फक्त तो वाहून जात होता. गावानं समतल चर खणले, नालाबांध घातले, गळके पाझर तलाव दुरुस्त केले, आणि विहिरींना पाणी आलं. आभाळ तेच होतं. माझी गाडीही तशीच. कॉम्प्रेसर कितीही मोठा लावा, गळकं पोट त्यानं भरत नाही.

संध्याकाळी 6.15

गाडी चाकांवर. स्कॅनरवर तिन्ही सेन्सरची उंची टेपनं मोजून शिकवली. मग बोल्टांना शेवटची ओढ. आता ट्रायल.

फाट्यापर्यंत जाऊन परत. शेठ मागे बसले, मुद्दाम तिथंच बसवलं. स्पीडब्रेकर आला. पुढची चाकं चढली, उतरली, मागची चढली, उतरली, आणि शेठ पुढच्या धक्क्यासाठी हँडल धरून बसलेले. धक्का आलाच नाही. आरशात बघितलं तर हँडल सोडत होते. पुढे रस्ता उखडलेला. तालुक्यातल्याच निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत, लोक लांबून बघायला येतात. रस्त्यातले बघायला कुणी येत नाही, पण गाडी कळते ती तिथंच. खड्ड्यात चाक गेलं एवढं हाताला समजलं, कमरेला नाही.

संध्याकाळी 7.30

शेठ किल्लीसाठी हात पुढे करतात.

“उद्या सकाळी.”

“अहो, मस्त चाललीय की!”

“चालताना कॉम्प्रेसर चालतोय, शेठ. तो गळती झाकतो. मला ती झोपलेली बघायचीय. आणि उद्या अलाइनमेंटशिवाय लांब जायचं नाही. उंची बदलली का चाकांचे कोन बदलतात, टायर खाऊन टाकेल.”

शेठ नाराज होऊन भाच्याच्या मोटरसायकलवर मागे बसून जातात. एस-क्लासचा मालक दुचाकीवर. पोरगा तोंड फिरवून हसतो.

रात्री 9.30

गाडी सपाट फरशीवर, इंजिन बंद. टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत चारही बाजूंना मोजतो आणि आकडे खडूनं फरशीवर लिहितो. डावं-उजवं पाच मिलिमीटरच्या आत. खिशातल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या फळीवर खिळ्याला अडकवतो. शटर खाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी 6.30

शटर वर. दिवा लावायच्या आधी गुडघ्यावर बसून टेप. चारही आकडे कालचेच.

जुनी हवेवरची गाडी घ्यायला निघालात तर ट्रायलवर जाऊ नका, निदान आधी जाऊ नका. विकणाऱ्याला सांगा, गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेव. सकाळी त्यानं किल्ली फिरवायच्या आत जा आणि चारही कमानी मोजा. एखादा कोपरा बसलेला दिसला तर आकडा त्याला दाखवा आणि दुरुस्तीचा खर्च भावातून वजा करा. आणि तुम्ही पोहोचलात तेव्हा इंजिन आधीच चालू असेल, तर चहा घ्या आणि परत या.