पोटात ‘आणखी काही’ आढळते तेव्हा

सात रस्ता परिसरातील एखाद्या रुग्णालयात आपण वडिलांना पित्ताशयातील खड्यांच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल केले आहे, असे समजा. तासाभराने सर्जन बाहेर येऊन सांगतात, ‘‘खडे निघाले, मात्र यकृतावर एक लहान गाठ दिसली.’’ ‘गाठ’ म्हणताच आपल्या मनात कर्करोग येतो. तो अर्थ दर वेळी खरा असतोच असे नाही. यकृतावरील पाण्याची साधी गाठ, रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी पुंजका, प्लीहेशेजारी असलेली वाटाण्याएवढी जादा प्लीहा, अशा गोष्टी माणूस जन्मभर बाळगतो आणि त्याला त्याची वार्ताही नसते.

लहान आतड्याला असणारी मेकेलची पिशवी घ्या. योहान मेकेल या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८०९ मध्ये तिचे वर्णन केले. गर्भावस्थेतील एक नलिका पूर्ण न मिटल्याने ती राहते आणि सुमारे २ टक्के लोकांत आढळते. वृद्धापकाळी, काही त्रास नसताना ती दिसली, तर सर्जन बहुधा तिला हात लावत नाहीत. आतडे कापून शिवण्यातला धोका पिशवीच्या धोक्याहून मोठा ठरू शकतो. रक्तवाहिन्यांच्या पुंजक्याचा तुकडा घेतल्यास रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तेथेही संयमच बरा. ‘‘दिसलेच होते तर काढून का टाकले नाही?’’ असे रागाने विचारण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

दुसरी बाजूही आहे. १६ जानेवारी २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की तपासणीसाठी दिलेली संमती अवयव काढण्यास पुरत नाही. त्या प्रकरणात रुग्ण भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेतली होती. सज्ञान रुग्णाच्या बाबतीत ती ग्राह्य धरली गेली नाही. जीव वा प्रकृती वाचवण्यासाठी थांबणेच अशक्य असेल, तेवढाच अपवाद. म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधीच, आणि वडिलांच्या समक्ष, सर्जनना विचारावे: काही वेगळे दिसले तर आपण काय कराल? वडिलांचे उत्तर त्यावर लिहून घ्यावे. मुलांनी परस्पर ठरवू नये.

तुकडा तपासणीला पाठवला असेल, तर अहवालाला काही दिवस लागतात. टाके काढले, की घरी परतण्याच्या घाईत तो आणायचा राहून जातो, हे फार घडते. तो मागून घ्यावा, सर्जनना दाखवावा आणि डिस्चार्ज कार्डासोबत जपावा. पुढे कधी सोनोग्राफीत तीच गाठ दिसली, तर जुना आकार तेथे लिहिलेला असेल.