पकड बदलली, दुखण्याची जागा बदलली

फेब्रुवारी १९५२ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर जागतिक टेबल टेनिस स्पर्धा झाली. आशियातली ती पहिलीच. जपानच्या हिरोजी सातोने जाड स्पंजच्या बॅटने पुरुष एकेरी जिंकली आणि चर्चा झाली ती स्पंजची. पण त्याची पकडही बघण्यासारखी होती, लेखणी धरावी तशी, पेनहोल्ड.

या पकडीत अंगठा आणि तर्जनी दांड्याला पुढून धरतात, बाकीची तीन बोटं बॅटच्या पाठीला टेकतात. फोरहँडच्याच रबराने बॅकहँड मारायचा म्हणजे मनगट अवघडून वळवावं लागतं. म्हणून उजव्या हाताचे जुने पेनहोल्डर डाव्या कोपऱ्यातला चेंडूही धावत जाऊन फोरहँडनेच हाणायचे. कोरियाच्या ऱ्यू सेउंग-मिनने २००४ मध्ये अथेन्सला सुवर्ण मिळवलं ते याच धावपळीवर. असा खेळ वर्षानुवर्षं खेळला की भार गुडघ्यांवर, कंबरेवर आणि खांद्यावर पडतो.

मग चीनच्या ल्यू ग्वोलियांगने बॅटच्या पाठीलाही रबर लावून तिकडून फटके काढले आणि वांग हाओने तोच आपला मुख्य बॅकहँड केला. पायांची वणवण कमी झाली, पण बॅट जड झाली आणि मनगटाचं काम वाढलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या फेलिक्स लेब्रुनने याच पकडीने कांस्य घेतलं.

आपल्याकडे मधुरिका पाटकर काय किंवा दिया चितळे काय, बहुतेक सगळे खेळाडू शेकहँडवाले, म्हणजे हात मिळवावा तशी बॅट धरणारे. त्यात मनगट सरळ राहतं, दोन्ही बाजू सहज खेळता येतात. तरी आखूड सर्व्हिसवर बॅकहँड फ्लिक मारताना मनगट पोटाकडे पूर्ण वळवून झटक्यात सोडावं लागतं. तो झटका मनगट आणि कोपराची बाहेरची बाजू सोसते. शिवाय २००० मध्ये चेंडू ३८ मिलिमीटरचा ४० चा झाला, पुढे प्लास्टिकचा आला. फिरकी घटली, जोर जास्त लावावा लागू लागला.

माझ्या मते दुखण्याचा दोष पकडीच्या प्रकारापेक्षा ती आवळण्यात जास्त आहे. आमच्या कारंजा (घाडगे) सारख्या गावात एकच बॅट लहानमोठे सगळे वापरतात. जाड दांडा लहान हातात मावत नाही, मग पोर तो घट्ट आवळतं आणि कोपरापर्यंतचा हात ताठ होतो. दांडा पॉलिश पेपरने घासून बारीक करता येतो. दोन फटक्यांच्या मध्ये बोटं सैल सोडायला पहिल्या दिवसापासून शिकवता येतं. आणि एखादं पोर आपणहून पेनहोल्ड धरत असेल तर त्याची पकड मोडू नये, आधी पायांचा आणि कंबरेचा व्यायाम सुरू करावा.