कचऱ्यावर प्रोटॉनचा मारा

वापरलेल्या अणुइंधनातलं नेप्चुनियम-237 निम्मं व्हायला सुमारे 21 लाख वर्षं लागतात. तेवढा काळ राखण कोण करणार? बेल्जियममधल्या मोलच्या ‘मिर्रा’ प्रकल्पाचा बेत असा: कणत्वरकातून 600 मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टचे प्रोटॉन वितळलेल्या शिसे-बिस्मथवर आदळवायचे, त्यातून उधळलेले न्यूट्रॉन असले जड अणू फोडतात. उरलेल्या बहुतेक तुकड्यांचा किरणोत्सार काही शतकांत ओसरतो. हे ज्या अणुभट्टीत घडतं ती मुद्दामच अपुरी ठेवलेली, म्हणजे अणू फुटण्याची साखळी ती स्वतःच्या बळावर चालू ठेवू शकत नाही; त्यामुळे प्रोटॉनचा झोत थांबला की साखळी विझते.

खरी मेख झोताच्या सातत्यात आहे. 3 महिन्यांत 3 सेकंदांहून लांबलेले खंड 10 पेक्षा जास्त चालणार नाहीत, कारण प्रत्येक खंडासरशी भट्टीच्या भागांना तापमानाचा धक्का बसतो. संशोधनासाठीचे त्वरक एवढे शिस्तीचे नसतात! म्हणून हे सातत्य पडताळायला मोलमध्ये आधी त्वरकाचा 100 मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचाच टप्पा उभारायला घेतला आहे.