शीट अडकते कुठे?

लेखमाला : जुना पीसी, फोटोचं काम – भाग ३

मागच्या भागात कॅबिनेट उघडून धूळ झटकली आणि प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली. पंख्याची घरघर कमी झाली असेल, पण अल्बमची बारा बाय छत्तीसची शीट उघडली की कर्सर पूर्वीसारखाच गोल गोल फिरत असणार. या भागात खिशात हात घालायचा आहे.

आपला नमुना तोच : २०१४च्या सुमारास असेम्बल केलेला पीसी, चौथ्या पिढीचा आय-५, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. तालुक्याच्या गावात लग्नसराईचं काम अजून अशाच यंत्रांवर ओढलं जातं. बजेट हजारांत, तेही एक आकडी. दुकानात शिरलात की बहुधा पहिला सल्ला ग्राफिक्स कार्डाचा मिळेल. ऐकून घ्या आणि आधी हा हिशेब करा.

करिज्मा अल्बमची एक शीट १२ बाय ३६ इंच. लॅबला ३०० डीपीआयने द्यायची म्हणजे ३,६०० गुणिले १०,८००, जवळजवळ ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांचा एकेक बाइट धरला तर नुसत्या कोऱ्या पार्श्वभूमीलाच साधारण ११७ एमबी लागतात. १६ बिटमध्ये काम करत असाल तर दुप्पट. वर विकतच्या पीएसडी टेम्प्लेटमधल्या फुलांचे नि झालरींचे लेअर येतात. त्यावर नवरा-नवरीचे पाच-सहा फोटो; २४ मेगापिक्सेलचा एक फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून टाकला की शीटवर तो तळहाताएवढा दिसला तरी आत पूर्ण आकारानेच बसतो. शिवाय मागे जाता यावं म्हणून फोटोशॉप आपण केलेले बदल धरून ठेवतं, मूळ सेटिंगमध्ये ५० पायऱ्यांपर्यंत. चार जीबीतला मोठा वाटा विंडोज आणि ब्राउझरने आधीच खाल्लेला असतो. जे मावत नाही ते फोटोशॉप हार्ड डिस्कवर लिहितं. त्या जागेला स्क्रॅच डिस्क म्हणतात.

खरी गोची इथे आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवा तो तुकडा वाचणाऱ्या काट्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी जाते, आणि काटा योग्य जागी सरकायचा वेळ निराळा. तुकडे विखुरलेले असले की सेकंदाला शंभरभर ठिकाणंसुद्धा गाठता येत नाहीत. एसएसडीत फिरणारं काही नसतं, ती हजारो ठिकाणं गाठते.

तुमच्याकडेही हेच होतंय का, ते फुकटात कळतं. फोटोशॉपच्या खिडकीत खाली डावीकडे जी माहितीची पट्टी असते तिथल्या बाणावर 'एफिशिअन्सी' निवडा आणि नेहमीची शीट उघडून तासभर काम करा. आकडा १०० टक्क्यांवरून घसरू लागला तर काम रॅममधून डिस्कवर सांडतंय. त्याच वेळी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर निवांत दिसला तर प्रोसेसर बदलून हाती काही लागणार नाही.

तेव्हा रॅम आणि एसएसडी, दोन्ही. पण दोन्ही एकाच पद्धतीने विकत घ्यायच्या नाहीत. डीडीआर३ रॅम याच बोर्डाबरोबर संपणार. पुढच्या पीसीत ती बसतही नाही, खाच वेगळी असते. म्हणून ती जुनी घ्या. एच८१ला दोनच स्लॉट आणि १६ जीबीची कमाल मर्यादा, त्यामुळे आठ-आठच्या दोन पट्ट्या आणि विषय संपला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुनी रॅम मिळते, ऑनलाइनही भरपूर दिसते. तिथे एक सापळा आहे. काही स्वस्त आठ जीबीच्या पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात; तसं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, कधी तेवढंही नसतं. इंटेलच्या बोर्डावर त्या लावल्या तर पीसी सुरूच होत नाही. बदलून देण्याची बोली करूनच पैसे द्या आणि घरी आणल्यावर रात्रभर मेमटेस्ट चालवा.

एसएसडी मात्र नवीन, वॉरंटीची आणि जरा मोठी घ्या, ५०० जीबीच्या आसपासची. उद्या पीसी बदललात तरी ती बरोबर जाईल. अडीच इंची साटा प्रकारचीच मागा. एनव्हीएमई अधिक वेगवान खरी, पण या बोर्डांवर सहसा तिची जागा नसते, आणि अडॅप्टर लावला तरी जुनं बायॉस तिच्यावरून विंडोज सुरू करायला बहुधा नकार देतं. एच८१च्या चार साटा पोर्टांपैकी दोनच ६ गिगाबिटचे असतात. बोर्डावर छापलेलं वाचून केबल त्यातल्याच एकात खोचा, नाहीतर निम्मा वेग वाया. विंडोज, फोटोशॉप, स्क्रॅच डिस्क आणि चालू ऑर्डर एसएसडीवर. संपलेल्या ऑर्डरी जुन्या हार्ड डिस्कवर. त्या डिस्कची प्रकृती क्रिस्टलडिस्कइन्फोत तपासा, आणि एक प्रत कॅबिनेटच्या बाहेर हवीच. मेमरी चिपचे भाव २०२५च्या अखेरीस बरेच चढले, तेव्हा त्याआधीच्या बिलावरून बजेट आखू नका.

आता ग्राफिक्स कार्ड. शीट जोडणं, रंग सुधारणं, चेहरे साफ करणं यात त्याचा वाटा बेताचा. लाइटरूममधलं एआय डीनॉइझ मात्र मुख्यतः कार्डाच्या जोरावर चालतं. हॉलच्या अंधारातले शेकडो रॉ फोटो रोज त्यातून काढत असाल तर कार्डाला अर्थ आहे. पण मग कार्डाआधी एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बदलावा लागेल. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं, त्यावर भरवसा ठेवून नवं कार्ड लावणं मला पटत नाही. त्या रकमेत बजेट केव्हाच ओलांडलेलं असतं.

एक गोष्ट पैशाने सुटणारी नाही. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी करून सुरक्षा अपडेट मिळतात तीही १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आपला चौथ्या पिढीचा. ज्यांचं काम डार्कटेबल आणि गिम्पवर भागतं त्यांना लिनक्सची वाट मोकळी आहे. फोटोशॉप लिनक्सवर येत नाही, त्यामुळे बाकीच्यांनी त्या तारखेनंतर हा पीसी इंटरनेटपासून तोडून फक्त शीटच्या कामाला ठेवावा आणि लॅबच्या फाइली दुसऱ्या यंत्रावरून पाठवाव्यात. म्हणूनच या बोर्डावर रॅमपलीकडे, म्हणजे फक्त इथेच चालेल अशा वस्तूवर, एक रुपयाही घालू नका. जुना आय-७ स्वस्तात मिळतोय म्हणून मोह होईल, तोही आवरा.

पुढच्या आठवड्यात मॉनिटर : स्क्रीनवरचा शालू लॅबमधून वेगळ्याच रंगाचा का येतो, आणि जुन्या टीएन पॅनेलसमोर मान हलवली की नवरीचा रंग का बदलतो.