डाल्मेशियन दगड

डाल्मेशियन दगड हा पांढरट, दुधाळ किंवा फिकट पिवळसर पृष्ठभागावर काळे व तपकिरी ठिपके असलेला एक शोभिवंत अग्निज खडक आहे. तो मुख्यतः मेक्सिकोच्या उत्तरेकडील चिवावा राज्यातून येतो. झिलई केलेले गोटे, मणी, लोलक, गोल व लहान कोरीव वस्तू यांसाठी त्याचा वापर होतो. बाजारात तो ‘डाल्मेशियन जॅस्पर’ या नावाने विकला जातो. तथापि खनिजशास्त्रीय दृष्ट्या तो जॅस्पर नाही. त्याच्यातील काळे ठिपके तोरमल्लीचे (टुर्मलीनचे) असतात, ही समजूतही प्रचलित असली तरी बरोबर नाही.

नाव

पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असणाऱ्या डाल्मेशियन जातीच्या कुत्र्याशी असलेल्या साम्यावरून या दगडाला हे नाव पडले. कुत्र्याच्या जातीचे नाव एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील डाल्मेशिया या प्रदेशावरून आले असून तो प्रदेश आज बहुतांशी क्रोएशियात आहे. दगडाचा मात्र त्या प्रदेशाशी काहीही संबंध नाही. ‘डाल्मेशियन दगड’ हे व्यापारी नाव आहे. खडकांच्या शास्त्रीय वर्गीकरणात या नावाचा प्रकार नाही.

घटक

या खडकाचा फिकट भाग फेल्स्पार व क्वार्ट्‌झ या दोन खनिजांच्या एकमेकांत गुंतलेल्या बारीक कणांचा बनलेला असतो. काळे ठिपके प्रामुख्याने आर्फव्हेडसोनाइट या खनिजाचे असतात. हे अँफिबोल गटातील सोडियम व लोह यांनी समृद्ध असे सिलिकेट खनिज आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ योहान आउगुस्ट आर्फव्हेडसन (१७९२–१८४१) यांच्या सन्मानार्थ १८२३ मध्ये त्याला हे नाव देण्यात आले. लिथियम या मूलद्रव्याचा शोध १८१७ मध्ये आर्फव्हेडसन यांनीच लावला होता.

काही ठिपके काळे नसून तपकिरी, गंजासारखे तांबूस किंवा पिवळसर असतात. लोहयुक्त खनिजांचे ऑक्सिडीभवन होऊन हेमॅटाइट व गोएथाइट ही खनिजे तयार झाल्याने हे रंग येतात. त्यामुळे एकाच गोट्यात गडद काळे व कडेने गंजल्यासारखे दिसणारे ठिपके शेजारी-शेजारी आढळू शकतात.

उत्पत्ती

सिलिका व अल्कली धातू यांचे प्रमाण जास्त असलेला शिलारस थिजून हा खडक तयार झाला. शिलारसातील सोडियम व पोटॅशियम प्रथम ॲल्युमिनियम व सिलिका यांच्याशी संयोग पावून फेल्स्पार बनवतात. या शिलारसात ॲल्युमिनियमच्या मानाने सोडियम व पोटॅशियम अधिक होते. अशा रासायनिक संघटनाच्या खडकांना अत्यल्कली खडक म्हणता येईल. फेल्स्पारमध्ये सामावू न शकलेले सोडियम लोहासह आर्फव्हेडसोनाइटसारख्या खनिजात जाते. ठिपके हे या दगडाच्या घडणीतच निर्माण झालेले असतात. ते बाहेरून लागलेले डाग नाहीत.

जॅस्परपासून वेगळेपण

जॅस्पर हा अतिसूक्ष्म कणांच्या क्वार्ट्‌झचा अपारदर्शक प्रकार आहे. त्याचे कण साध्या भिंगातून सुटे दिसत नाहीत आणि तो फुटल्यावर शिंपल्यासारखा गुळगुळीत वक्र पृष्ठभाग मिळतो. डाल्मेशियन दगड दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली पाहिल्यास त्याची कणीदार रचना दिसते. फेल्स्पारच्या कणांवरील सपाट पाटनपृष्ठे प्रकाशात चमकतात, तर क्वार्ट्‌झचे कण काचेसारखे दिसतात. ताज्या तुटलेल्या बाजूवर हा फरक अधिक स्पष्ट असतो.

शोभिवंत दगडांच्या व्यापारात ‘जॅस्पर’ हा शब्द झिलई घेणाऱ्या व नक्षीदार अशा अनेक अपारदर्शक दगडांना सरसकट लावला जातो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये मिळणारा ‘रेनफॉरेस्ट जॅस्पर’ हाही प्रत्यक्षात रायोलाइट हा ज्वालामुखी खडक आहे.

ठिपके तोरमल्लीचे का नाहीत

काळी तोरमल्ली आणि आर्फव्हेडसोनाइट ही दोन्ही खनिजे काळी, चकचकीत व लांबट स्फटिकांची असल्याने नुसत्या डोळ्यांनी त्यांची गल्लत होते. त्यांच्यातील भेद पुढीलप्रमाणे आहेत.

रासायनिक संघटन : तोरमल्लीत बोरॉन हा आवश्यक घटक असतो, आर्फव्हेडसोनाइटमध्ये तो नसतो.

पाटन : आर्फव्हेडसोनाइट सुमारे ५६° व १२४° कोन करणाऱ्या दोन दिशांनी सहज दुभंगते, तोरमल्लीत स्पष्ट पाटन नसते.

कठिनता : मोस मापक्रमानुसार आर्फव्हेडसोनाइटची कठिनता ५ ते ६, तर तोरमल्लीची ७ ते ७.५ असते.

स्फटिकाचा छेद : तोरमल्लीचा आडवा छेद बहुधा फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखा, तर अँफिबोलचा समांतरभुज किंवा षट्कोनी दिसतो.

या दगडातील ठिपके बारीक व अनियमित आकाराचे असल्याने शेवटची कसोटी नेहमी लागू पडत नाही. निश्चित निदानासाठी पातळ छेदाचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण किंवा रासायनिक विश्लेषण करावे लागते.

कापणी व झिलई

गोटे तयार करण्यासाठी दगडाचे तुकडे पाणी व सिलिकॉन कार्बाइडची पूड यांच्यासह फिरत्या पिंपात घातले जातात. प्रत्येक टप्प्यात अधिक बारीक पूड वापरून शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या द्रव्याने चकाकी आणली जाते. या प्रक्रियेला काही आठवडे लागतात.

दगडाची एकूण कठिनता क्वार्ट्‌झच्या ७ पेक्षा किंचित कमी असते. मात्र त्याचे घटक सारख्या वेगाने झिजत नाहीत. क्वार्ट्‌झ ७, फेल्स्पार सुमारे ६ आणि ठिपके त्याहूनही मऊ असल्याने घाईने केलेल्या झिलईत ठिपक्यांच्या जागी सूक्ष्म खळगे राहतात. गोटा तिरक्या प्रकाशात धरल्यास ते ओळखता येतात. चांगल्या झिलईत ठिपका व पार्श्वभाग एकाच पातळीवर राहून सारखेच चमकतात.

हा खडक कापताना किंवा घासताना उडणाऱ्या धुळीत स्फटिकी सिलिका असते. ती दीर्घकाळ श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास सिलिकोसिस हा न बरा होणारा रोग होऊ शकतो. म्हणून काम ओल्या स्थितीत करणे व योग्य श्वसनरक्षक मुखपट्टी वापरणे आवश्यक असते.

रंगवलेले नमुने

खडकाचा रंग फिकट असल्याने आणि कणांमधील सूक्ष्म फटींत रंगद्रव्य शिरू शकत असल्याने तो कृत्रिम रीत्या रंगवता येतो. गडद निळा, जांभळा, हिरवा किंवा गुलाबी पार्श्वभाग असलेले ठिपकेदार मणी बहुधा रंगवलेले असतात. भेगांमध्ये व छिद्राच्या कडेला रंग साचलेला दिसणे, तसेच ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाला रंग लागणे, ही त्याची लक्षणे आहेत. कापसाला रंग न लागणे हा मात्र नैसर्गिकतेचा पुरावा ठरत नाही.

संग्रहातील नोंद

हा दगड स्वस्त असल्याने नवख्या संग्राहकांकडे तो सहज पोचतो. संग्रहातील नमुन्याचे खरे मूल्य त्याच्या नोंदीच्या अचूकपणावर अवलंबून असते. नोंदपट्टीवर केवळ ‘जॅस्पर’ न लिहिता व्यापारी नाव, ‘आर्फव्हेडसोनाइटयुक्त अत्यल्कली अग्निज खडक’ असे वर्णन, ज्ञात असल्यास प्राप्तिस्थान आणि झिलई किंवा रंग यांसारखी प्रक्रिया नमूद करणे योग्य ठरते. विक्रेते या दगडाला रोगनिवारक गुण चिकटवतात. त्यांना वैज्ञानिक आधार नाही.